गावाखालचा कोळसा

कुरकुंभ

आमच्या न्हावऱ्यात कोळशाची खाण पाहिलेलं माणूस शोधून सापडलं नसतं. मीही पाहिली नव्हती, आणि तरी सात वर्षं रोज कोळसा हाताळत होते. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात मी केमिस्ट होते. बॉयलरसाठी आलेल्या प्रत्येक ट्रकमधून नमुना घ्यायचा, तो जाळायचा आणि मागे राख किती उरली ते लिहून ठेवायचं. त्या हिवाळ्यात राख अशी वाढत गेली की आपण कोळसा जाळतोय की मुरूम, असं मला वाटायला लागलं.

राख वाढली की आग मंदावते, आग मंदावली की वाफेचा दाब पडतो आणि दाब पडला की आतली बॅच बिघडते. आठवड्यात दोन बॅचेस बिघडल्या तेव्हा मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मालकांचं म्हणणं आहे, कोळशाचा बॉयलर काढून तेलावरचा बसवू," ते म्हणाले. "तुम्ही एकदा तिकडे विदर्भात, वणीला, खाणीवर जाऊन या. दोनच गोष्टी बघा. चांगला कोळसा तिथे आहे का, आणि पुढे जास्त मिळेल का. एक पान रिपोर्ट द्या, बस."

तेलावरच्या बॉयलरला फावडं मारणारी माणसं लागत नाहीत. आमच्याकडे अशी आठ माणसं होती आणि त्यांच्यातलेच मुकादम होते इस्माईलचाचा. चाचा दौंडचे. त्यांचे वडील रेल्वेच्या वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, त्यामुळे कोळसा त्यांना अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत. मी प्रयोगशाळेत दोन तास घालवून जे शोधायची, ते चाचा तुकडा हातात घेऊन सांगायचे. "ह्यो कोळसा न्हाई बेटी, ह्यो कोळशाचा भाऊ हाय. दिसतो सारखा, पन कामाला येत न्हाई."

"चाचांना माझ्याबरोबर पाठवा," मी म्हटलं आणि साहेब हो म्हणाले.

घरी आप्पा, म्हणजे माझे वडील, कांद्याच्या लागणीत होते. वाफ्यातून मान वर न करता त्यांनी विचारलं, "इस्माईल बरोबर हाय न्हवं? मंग जा. पन कोळसा बघायला यवढ्या लांब कशाला? दौंडच्या यार्डात ढीग लागल्यात की."

"ते खाणीतून येतात आप्पा. खाण बघायचीय."

"तुला घरात बसायचं न्हाई, असं सांग की," आप्पा म्हणाले. खोटं नव्हतं ते.

वणी

दौंडला गोंदियाकडे जाणारी गाडी पकडली आणि वर्ध्याला उतरलो. मधल्या प्रवासातलं सांगण्यासारखं एवढंच की मी उठून दाराशी इतक्या वेळा गेले की समोरच्या आजींनी शेवटी विचारलं, "कुणी चढायचं राहिलंय का तुमचं?"

वर्ध्याहून एसटीने वणी. आमच्याकडे जानेवारीत हिरवा ऊस आणि हिरवा कांदा. इथे दोन्ही बाजूंना कापूस, शेवटची वेचणी चाललेली, आणि वाळायला आलेली तूर. वणी जवळ आली तसा रस्ता काळा झाला. झाडांची पानं काळी, टपऱ्यांचे पत्रे काळे, रस्त्याकडेच्या म्हशी तर आधीच काळ्या. चाचा खिडकीतून बघत होते. म्हणाले, "हितं धुनं वाळत घालायचं कसं बायांनी?"

बसस्टँडसमोर पोहे घेतले. त्यावर लालभडक तर्री ओतलेली. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि कोथिंबीर असते. ही तर्री पहिल्या घासाला कानातून बाहेर आली. हॉटेलवाला हसला. "तिकडले दिसता जी तुमी. पानी देऊ?" इथे 'ळ' बोलताना 'य' होतो हे कळायला मला थोडा वेळ लागला. 'कोयसा' म्हणजे कोळसा, 'काया' म्हणजे काळा. चाचांना ते फार आवडलं. दिवसभर ते मुद्दाम 'कोयसा' म्हणत राहिले.

खाणीच्या काठावर

आमचा कोळसा आणणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याने खाणीतल्या देवतळे नावाच्या ओव्हरमनला सांगून ठेवलं होतं. ओव्हरमन म्हणजे पाळीवरच्या कामगारांचा प्रमुख. पन्नाशीचा, बारीक माणूस. त्यांनी आम्हाला डोक्यावर हेल्मेट दिलं आणि खाणीच्या काठावर नेलं.

माझ्या मनात खाण म्हणजे बोगदा होता, हातात दिवा घेऊन आत जायचा. ही उघडी खाण होती. जमीन एकदम संपते आणि समोर खड्डा. पायऱ्यापायऱ्यांनी खाली खाली जाणारा, इतका मोठा की तळाशी फिरणारे डंपर काडेपेटीएवढे दिसत होते. वर काळी माती, मग पिवळी, मग राखाडी दगड, आणि अगदी तळाशी चकाकणारा काळा पट्टा. तोच तो.

तेवढ्यात भोंगा वाजला. देवतळ्यांनी आम्हाला मागे घेतलं. आधी पायाखालची जमीन हलली, मग आवाज आला, मग पलीकडची एक अख्खी पायरी सावकाश बसली आणि धुळीचा डोंगर उभा राहिला. "या अल्ला," चाचा पुटपुटले.

धूळ खाली बसल्यावर मी कामाचं विचारलं. "आम्हाला इतका दगड का येतोय?"

"कारण इकडचा थर संपत आला आहे न मॅडम. कडेला आलो की कोळसा पातळ होतो अन् दगड मधे घुसतो."

"म्हणजे चांगला कोळसा नाहीच?"

"आहे न! देशात कोळशाची कमी नाही. वीजवाले मागतात, सिमेंटवाले मागतात, तुम्ही मागता. वरून रोज फोन, उत्पादन वाढवा. वाढवतो! ते पाहा, नवीन शॉव्हेल आलं आहे." खालच्या पायरीवर घराएवढं पिवळं यंत्र उभं होतं, त्याचा फावड्यासारखा हात जमिनीला टेकलेला. "पण वाढवायचं म्हणजे पुढे सरकायचं. अन् पुढे ते आहे."

त्यांनी बोट दाखवलं. खड्ड्याच्या पलीकडे कडुनिंबाची झाडं, देवळाचं शिखर, पाण्याची टाकी आणि कौलारू घरांची एक रांग.

"त्या गावाखाली सगळ्यात चांगला थर आहे. जाड, दगड कमी. तुम्हाला पाहिजे तसा."

"खालून बोगद्यानं काढता येत नाही?"

"येतो. पण कमी निघतो, अन् माणसाच्या जिवाला धोका. आता सगळ्यांना वरूनच उघडायचं आहे."

"मग गाव कधी हलणार?"

देवतळे हसले. "मी इथं लागलो तेव्हापासून पुढच्या वर्षी हलणार आहे. मोजणीवाले येतात, मोजतात, जातात. मोबदला ठरत नाही, नवीन जागा ठरत नाही."

मग त्यांनी खड्ड्यावरच्या मोकळ्या हवेत एक जागा दाखवली. "ती, तिथं वर, आमची विहीर होती. अन् तिच्या थोडी डावीकडे माझ्या बापाचं वावर. वावर गेलं, त्याच्या बदल्यात मला ही नोकरी लागली. मुलगा इंजिनिअर होतोय." ते त्या रिकाम्या हवेकडे जरा वेळ बघत राहिले. मीही बघितलं. एक घार तिथून तरंगत गेली.

खरं सांगते, त्यांची गोष्ट मला लागली. पण डोक्यात हिशेब दुसराच चालू होता. ते गाव उद्या उठलं तर आमच्या बॉयलरला चांगला कोळसा मिळेल, आठ माणसं राहतील. गावाचं नावही मी विचारलं नाही. मला फक्त ते तिथे नको होतं.

ढीग

कुरकुंभसाठी एक ट्रक आमच्यासमोर भरून घ्यायचा, असं ठरलं होतं. दुपार उतरताना आम्ही विक्रीच्या ढिगांकडे गेलो. तिथल्या कारकुनाने कागद बघितला आणि एका उंच ढिगाकडे हात केला.

मी नमुना घ्यायला बसले. ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतून तुकडे आणायचे, हातोडीने फोडायचे, त्यांची रास करायची, राशीचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकायचे. पुन्हा फोडायचं, पुन्हा रास. शेवटी किलोभर राहतो. कोळसा सुंदर होता. हलका, चकाकणारा, दगड जवळजवळ नाहीच. इतक्या महिन्यांत मी असा बघितला नव्हता; थर पातळ व्हायच्या आधी काढलेला असणार.

चाचा मात्र नमुन्याकडे बघत नव्हते. ते ढिगाभोवती फिरून आले. मग कुठूनशी एक लोखंडी सळई आणली, ढिगात खोल खुपसली आणि विडी न पेटवता तशीच तोंडात धरून उभे राहिले. जरा वेळाने सळई ओढून काढली आणि तिचं टोक मनगटाजवळ नेलं.

"बेटी, ह्यो घेऊ नगं. आत तापलाय."

"वरून तर गार आहे."

"वरून गारच असतो. बरेच दिस पडून ऱ्हायला की कोळसा आपला आपनच पेटतो. वास बघ की, गोडसर, तेलासारखा."

मला वास आला नाही. किंवा मी घेतला नाही. कारकुनाला विचारलं तर तो म्हणाला, दुसऱ्या ढिगासाठी नवीन कागद करावा लागेल, चार दिवस लागतील. चार दिवस! कुरकुंभला बॉयलर खुरडत चालला होता, साहेब रिपोर्टची वाट बघत होते, आणि मला तर चार तास एका जागी काढणं अवघड होतं. नमुना चांगला होता. निर्णय माझा होता.

"भरा," मी म्हटलं.

 चाचांनी सळई जिथून आणली तिथे नेऊन ठेवली.

गाव

कागदपत्रं सकाळी मिळणार होती, म्हणून ट्रक रात्रभर वजनकाट्यापाशीच उभा राहिला. सकाळी आम्ही वणीपर्यंत त्याच ट्रकने निघालो. ड्रायव्हर हरिराम, उत्तर प्रदेशचा, गप्पिष्ट माणूस. रस्ता खाणीला वळसा घालून जात होता. दोन-तीन किलोमीटर गेलो असू, हरिरामने आरशात बघितलं आणि बोलता बोलता गप्प झाला.

"मैडम, पीछे से धुआँ आ रहा है।"

खाली उतरलो. ताडपत्रीच्या फटींतून पांढरा धूर येत होता. आता वास मलाही आला. गोडसर, तेलासारखा.

शेजारी वस्ती होती. हरिरामने ट्रक रस्त्यावरून काढून तिथल्या खळ्याच्या मोकळ्या जागेत घातला. ताडपत्री ओढली तशी आत लाल डोळे दिसले. चाचा मागच्या फळ्या सोडत ओरडले, "पानी टाकू नका आदी! खाली घ्या, पसरा, पातळ पसरा!"

मी फावडं घेतलं. हरिरामने घेतलं. पण ट्रक मोठा आणि हात सहा. तेवढ्यात घरांतून माणसं आली. कुणी काही विचारलं नाही. कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या हातात दाताळं, बायांच्या हातात घमेली. एक धिप्पाड बाई, नऊवारीचा काष्टा आवळलेली, सगळ्यांना हुकूम सोडत होती. "तिकडे कडब्याकडं नोको! इकडे, इकडे वढा!"

ट्रकच्या मधल्या भागातला कोळसा खाली ओढताना रास एकदम सुटली. चाचा पुढे होते. त्यांचा पाय सरकला आणि तोल सावरायला त्यांनी हात टेकला तो निखाऱ्यावर. ओरडलेसुद्धा नाहीत, फक्त हात छातीशी धरून बसले. त्या बाईने त्यांना धरून हौदाशी नेलं आणि हात पाण्यात बुडवून धरला. "काढू नोका भाऊ. राहू द्या पान्यात."

मी शेजारी उभी होते. मला चाचांकडे बघवत नव्हतं. "चाचा, माझ्यामुळे झालं."

"फावडं घे," ते म्हणाले. "आजून पसरायचाय."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा कोळसा खळ्यावर पसरून झाला होता आणि धूर थांबला होता. जळालेला भाग राखेचा ढीग होऊन कडेला पडला होता. बाकीचा निवला की पुन्हा भरता येणार होता. त्या बाईचं नाव शेवंताबाई. तिने आम्हाला घरात बोलावून जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर, तुरीच्या हिरव्या सोल्यांची भाजी, ठेचा. आमच्याकडे या दिवसांत बाजरी. ज्वारीची ही भाकर इतकी पातळ आणि पांढरी की चाचांनी डाव्या हाताने तोडून तीन खाल्ल्या. उजवा हात ओल्या फडक्यात होता.

जेवताना माझं लक्ष घराकडे गेलं. स्वयंपाकाच्या खोलीची मागची भिंत पडलेली, तिथे तुराट्या लावून वर ताडपत्री टाकलेली. घर काही गरिबाचं वाटत नव्हतं. दारात बैलजोडी होती, कापसाने खोली भरली होती.

शेवंताबाईने माझी नजर पकडली. "बांधाची होती," ती म्हणाली. "पन गाव उठते म्हन्ते न. उठाचं हाय तर बांधून काय कराचं? तीन पावसाये झाले पडून."

तेव्हा मला कळलं मी कुठे बसले आहे. दारातून कडुनिंबाची झाडं दिसत होती, पलीकडे देवळाचं शिखर. काल मी ते दुसऱ्या बाजूने पाहिलं होतं.

"तुमच्या कंपनीले आमच्या गावाखालचाच कोयसा पायजे का?" तिने विचारलं. रागाने नाही, सहज.

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हटलं. "तो चांगला आहे म्हणतात."

"चांगलाच असन. जमीन चांगली हाय आमची." तिने माझ्या ताटात आणखी भाजी वाढली. "नेयाचा तर न्या. नाई तर नाई म्हना. पन काईच सांगत नाई कोनी. पोरगी द्याले लोक भेतात, म्हन्ते तुमचं गाव राहते का जाते. संत्र्याचं झाड लावाचं तर मनात येते, फय कोन खाईन? तुमी शिकल्या सवरल्या हा. हाफिसात जाऊन इचारा न, कवा उठते. मले चिठ्ठी टाका."

मी पत्ता लिहून घेतला. राखेचं काय करायचं विचारलं तर ती हसली. "राहू द्या. भांडे घासाले होते."

दुपारी माणसांनी पुन्हा ट्रक भरून दिला. मी काही देऊ केलं ते कुणी घेतलं नाही. वणीत पोहोचल्यावर चाचांना डॉक्टरकडे बसवून मी कोळसा कंपनीच्या ऑफिसात गेले. तीन टेबलं फिरले. तिसऱ्या टेबलावरच्या माणसाने फाईल न उघडताच सांगितलं, "विषय विचाराधीन आहे." मी बाहेर येऊन देवतळ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, मला माहीत असतं तर मीच नसतं का सांगितलं? माझी मावशी राहते तिथं."

पुन्हा कुरकुंभ

ट्रक आमच्या मागोमाग पोहोचला. राख तपासली. इतकी कमी राख माझ्या वहीत कधी लिहिली गेली नव्हती. चार दिवस बॉयलर असा चालला की फायरमन लोक दाबाच्या काट्याकडे बघून शिट्ट्या मारायचे.

साहेबांनी चाचांच्या हाताचं विचारलं तेव्हा चाचा म्हणाले, "गडबडीत पाय घसरला साहेब." मी तिथेच होते. रिपोर्टात मी लिहिलं की ढीग तापलेला आहे हे इस्माईल यांनी वेळेवर सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं नाही. चाचांना ते वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "नसतं लिव्हलं तरी चाललं असतं." मग थोड्या वेळाने, "पन बरं झालं लिव्हलंस."

रिपोर्टाचा शेवट असा होता: 'चांगला कोळसा आहे. उत्पादन वाढू शकते. त्यासाठी एक गाव हलवावे लागेल. ते कधी हलेल हे खाणीवर कुणाला माहीत नाही, ऑफिसात माहीत नाही आणि गावातही माहीत नाही. तीन वर्षे ते लोक घराची भिंत बांधत नाहीत.'

साहेबांनी शेवटच्या वाक्यावर पेन टेकवलं. "याचा कोळशाशी काय संबंध?"

"त्याच लोकांनी आमचा कोळसा वाचवला साहेब."

"मालकांना तारीख पाहिजे. भिंत नको. हे काढा."

मी काढलं नाही. त्यांनी तसाच पाठवला. पुढच्या महिन्यात मालकांनी तेलाच्या बॉयलरची ऑर्डर दिली. रिपोर्ट वेगळा असता तरी दिलीच असती, असं साहेब म्हणाले. मला ते आजही खरं वाटतं आणि वाटत नाही. कोळशाचा बॉयलर अडीअडचणीसाठी ठेवला, चाचा आणि आणखी दोघे त्यावर राहिले. बाकीच्या पाचांपैकी तिघे साखर कारखान्यात लागले, एकाने निमोण्याला गाई घेतल्या. एक कुठे गेला ते मला माहीत नाही. विचारायला त्याच्या घरी दोनदा गेले, कुलूप होतं.

शेवंताबाईला चिठ्ठी टाकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. काय लिहायचं? कागद घ्यायची आणि उठायची. शेवटी एका पोस्टकार्डावर चार ओळी लिहिल्या: 'तुम्ही सांगितल्याप्रमाणे विचारलं. तीन ठिकाणी विचारलं. कुणालाच माहीत नाही. माहीत आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.' पत्र पेटीत टाकल्यावर वाटलं, हे कसलं उत्तर.

उन्हाळा लागता लागता उत्तर आलं. अक्षर तिच्या मुलीचं असावं, गोल गोल, शाळेतलं. भाऊंचा हात बरा झाला का, असं पहिलं वाक्य. तुमचं पत्र मिळालं, आईने दोनदा वाचून घेतलं, असं दुसरं. मग लिहिलं होतं: 'आई म्हणते, कोणालेच माहीत नाही तर मग आमी काहून थांबाचं. विटा आणल्या. मागची भिंत बांधाले काढली. पाया कमरेइतका खोदला तरी कायी मातीच लागली. कोयसा लय खाली हाय.'